आखूड पडलेला गोळा

धम्मानंदांनी भिंग फोटोवर ठेवलं आणि चष्मा कपाळावर सरकवला. विद्यापीठाच्या फाटकासमोरच्या झेरॉक्सवाल्याकडून इद्रिसने तीन मोठे रंगीत फोटो छापून आणले होते. तिन्ही एकाच अंगणाचे. अंगणात खड्डा, भोवती उडालेली माती, आणि एका फोटोच्या कडेला बायकी चप्पल. ती चप्पल त्यांनी अंगठ्याखाली झाकली आणि मग भिंग पुढे नेलं.

इद्रिस समोर बसला होता. सात वर्षांपूर्वी आफ्रिकेतून औषधशास्त्र शिकायला आलेला हा मुलगा त्यांच्या हैदराबादेतल्या विद्यानगरच्या घरात वरच्या खोलीत राहायचा. त्याच्या देशात तीन वर्षं यादवी चालू होती. अकरा दिवसांपूर्वी याच अंगणात त्याची आई गेली.

"आरामात बघा काका," तो म्हणाला. "घाई नक्को."

मराठी त्याला धम्मानंदांच्या पत्नी सुलभाबाईंनी शिकवली होती. म्हणजे त्या त्याच्याशी दुसऱ्या भाषेत बोलल्याच नव्हत्या. रस्त्यावरची हैदराबादी तिच्यात आपोआप मिसळली होती.

"अहो, पोरगं सकाळपासून उपाशी आहे," त्या स्वयंपाकघरातून म्हणाल्या. "ते कागद बाजूला करा. अंबाडीची भाजी केलीय."

"काकू, भूक नाई."

"भूक तुला विचारून येते होय? तुझ्या आईने फोनवर मला बजावलं होतं, याला उपाशी ठेवू नका म्हणून."

"अम्मी अरबीत बोलली होती, काकू."

"मग? मला मराठीत ऐकू आलं."

इद्रिसच्या चेहऱ्यावर हसू येऊ घातलं आणि तिथेच राहिलं. सुलभाबाईंनी ताट टेबलाच्या कोपऱ्यावर ठेवलं, त्यावर दुसरं ताट झाकलं आणि त्या आत गेल्या.

धम्मानंदांचं मन फोटोत लागेना. गोळा कुठून आला हे सांगणारे आपण कोण, हा प्रश्न त्यांना सकाळपासून छळत होता. एकतीस वर्षं त्यांनी तोफखान्याच्या दफ्तरात कारकुनी केली होती. तोफांची माहितीपत्रकं, पल्ल्यांची कोष्टकं, अपघातांचे अहवाल, सगळं त्यांच्या हाताखालून गेलं. तोफ डागताना मात्र त्यांनी कधी पाहिली नव्हती. निवृत्तीनंतर ते जगातल्या यादवी युद्धांबद्दल वह्या लिहीत बसले. कुठल्या लढाईत किती तोफा होत्या, कुठली बंदूक कुठून आली. अमेरिकेच्या यादवीत गेटिसबर्गला दीडशे तोफा जवळजवळ दोन तास चालल्या आणि धुरामुळे बरेच गोळे निशाणाच्या पलीकडे जाऊन पडले, असली वाक्यं लिहिताना त्यांना बरं वाटायचं. अकरा वह्या भरल्या होत्या. मुलगा गिरीश पुण्याला, नातवंडांना मराठी वाचता येत नव्हतं. वह्यांबद्दल इद्रिसनेच काय ते विचारलं होतं, आणि फोनवर आपल्या थोरल्या भावालाही सांगितलं होतं की माझे घरमालक गोळ्याचा तुकडा बघून तोफ ओळखतात.

तो भाऊ, हाशिम, सरकारी फौजेत तोफखान्यावर होता. त्यांच्या गावाच्या पश्चिमेला टेकडी, पूर्वेला नदी, नदीपलीकडे बंडखोर. हाशिमच्या तोफा टेकडीवर होत्या. त्या संध्याकाळी टेकडीवरून नदीपलीकडे मारा चालू होता आणि नदीपलीकडून गावावर. घर मधोमध होतं. गोळा बंडखोरांचा, असं रेडिओने सांगितलं. हाशिमने बहिणीकडून फोटो काढवून इद्रिसला पाठवले आणि खाली एकच ओळ लिहिली. तुझ्या काकांना विचार.

"हे इथे सिमेंटचं काय आहे?" धम्मानंदांनी विचारलं. खड्ड्याजवळ जमिनीवर एक लांबट गुळगुळीत पट्टी होती.

"अम्मीची नमाजाची जागा. अब्बांनी बांधली होती."

"म्हणजे तोंड काबाकडे."

"हौ. आमच्याकडून ईशान्येला."

धम्मानंदांनी मोजपट्टी काढली, कोनमापक काढला. दिशा सापडली होती. खड्ड्याच्या दोन्ही बाजूंना माती पंखांसारखी पसरली होती, तोफेचा गोळा तिरपा येतो तेव्हा पसरते तशी. दोन पंखांच्या मधोमध रेघ ओढली की गोळा कुठून आला ते कळतं. त्यांनी तिन्ही फोटोंवर वेगवेगळी रेघ ओढली. तिन्ही रेघा पश्चिमेला गेल्या. मग त्यांनी तिसऱ्या फोटोतल्या वाकलेल्या तांब्याच्या तुकड्यावर भिंग धरलं. मोठ्या तोफेच्या गोळ्याच्या कमरेला असा पट्टा असतो. उखळी तोफेच्या बाँबला नसतो, आणि नदीपलीकडे उखळी तोफांशिवाय काही नव्हतं. तुकड्याशेजारी बहिणीने मापासाठी चहाचा ग्लास ठेवला होता. कुणी सांगितलं असेल तिला ग्लास ठेवायला? हाशिमनेच.

त्यांनी रेघा पुन्हा तपासल्या. कुठे चूक सापडेल म्हणून एरवी ते घाबरत. आज ते चूक शोधत होते.

दफ्तरातली एक चौकशी त्यांना आठवली. सरावात एक गोळा आखूड पडला होता आणि मैदानाच्या कडेला शेळ्या राखणारी बाई दगावली होती. गोळ्यामागची दारू कारखान्यातूनच कमी भरून आली होती, हे त्यांना कोष्टकावरून दिसलं होतं. तसं त्यांनी दबकत सांगितलंही. "नक्की?" साहेबांनी मान वर न करता विचारलं. "नक्की नाही सांगता येणार, साहेब," ते म्हणाले होते. तोफेवरच्या हवालदाराच्या फिती उतरल्या. तो नंतर दफ्तरात सामानाचा कागद घ्यायला आला आणि त्यांना नमस्कार करून गेला.

"काका."

धम्मानंदांनी भिंग खाली ठेवलं.

"टेकडीवरून आला," ते म्हणाले. "मोठ्या तोफेचा. नदीपलीकडे जायचा होता, आखूड पडला."

इद्रिसने फोटो आपल्याकडे वळवून घेतला.

"तुम्ही कधी असं बोलत नाही, काका. दूध फाटलं का, तेसुद्धा तुम्ही काकूंना विचारता."

"हो."

"रेडिओ झूठ बोलला."

"त्याचं मला माहीत नाही. खड्डा तसं सांगतो."

स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज थांबला होता. इद्रिसने तिन्ही फोटो एकावर एक ठेवले, कडा जुळवल्या.

"चार वाजता त्याचा फोन येईल," तो म्हणाला. "त्याला हे सांगू नक्को."

"त्यानेच विचारलंय ना?"

"तो एकटा आहे तिथे. अम्मीच्या मिट्टीलासुद्धा त्याला सोडलं नाही. उशाशी बंदूक घेऊन झोपतो, काका." त्याने आवाज खाली आणला. "तुम्ही म्हणा, समजत नाही. फोटो साफ नाहीत. तुम्हाला येतं ना तसं बोलायला? रोज तर बोलता."

शेवटच्या वाक्यात थोडा काटा होता.

फोन चारला नाही, पावणेपाचला आला. इद्रिस अरबीत बोलला. बोलताना तो खाली बघत होता. मग त्याने फोन धम्मानंदांच्या हातात दिला.

पडद्यावर इद्रिसचंच कपाळ होतं, फक्त उन्हात भाजून काढल्यासारखं. मागे तंबूचं कापड हलत होतं. हाशिमने आधी छातीवर हात ठेवून सलाम केला, मग इंग्रजीत, एकेक शब्द वेचून बोलू लागला.

"सर, तुम्ही वेळ दिलात. काय दिसलं?"

"फोटो तितकेसे स्पष्ट नाहीत," धम्मानंद म्हणाले. दफ्तरातलं त्यांचं इंग्रजी अजून शाबूत होतं. "माती विस्कटलीय. शिवाय मी कागदावरचा माणूस. मला नक्की सांगता येत नाही."

"पट्ट्याचा तुकडा?"

"तो कुठूनही आलेला असू शकतो. जुना असेल."

हाशिमने मान हलवली. मग तो भावाशी अरबीत काहीतरी बोलला. इद्रिसने धम्मानंदांकडे पाहिलं.

"बाहेर जा म्हणतो," तो म्हणाला आणि जिन्यात जाऊन उभा राहिला. जाताना त्याने दार ओढून घेतलं.

हाशिमने फोन तोंडाजवळ घेतला.

"सर," हाशिम म्हणाला, "गोळा त्यांचा असता, तर तुम्ही मला लगेच सांगितलं असतंत."

फोटो साफ नाहीत हे वाक्य धम्मानंदांना पुन्हा जुळवता येईना. हाशिम त्यांच्याकडे बघत होता, आणि त्यांना नजर बाजूला घेता आली नाही.

"इद्रिसला तुम्ही खरं सांगितलंत?" त्याने विचारलं.

"हो."

"ठीक केलंत. मला कळलंय, हे मात्र त्याला सांगू नका. त्याची परीक्षा आहे. तो धाकटा आहे." त्याने पुन्हा छातीवर हात ठेवला. "तुमच्या घरी तो जेवतो ना, सर?"

"जेवतो."

"मी आज तोफेवर जाणार नाही. उद्याचं मला माहीत नाही."

पडदा काळा झाला. धम्मानंद फोन हातात धरून तसेच बसले. त्यावर त्यांना स्वतःचा चेहरा दिसत होता. त्यांनी फोन पालथा ठेवला.

सुलभाबाई दारात येऊन उभ्या होत्या. इंग्रजी त्यांना येत नव्हतं. त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं आणि ताटातली भाकरी परत तव्यावर टाकायला आत नेली.

इद्रिस आत आला.

"काय म्हणाला?"

"तू जेवतोस का, विचारत होता."

"आणि गोळ्याचं?"

"आभार मानले. प्रयत्न केलात म्हणाला."

"त्याला पटलं?"

"पटलं."

इद्रिस टेबलाजवळ उभा राहिला. त्याचे डोळे धम्मानंदांच्या चेहऱ्यावर फिरले, जसे मघाशी त्यांचे फोटोवरून फिरत होते.

"नक्की, काका?"

"नक्की," धम्मानंद म्हणाले.

त्याने खुर्ची ओढली. आतून सुलभाबाईंनी गरम भाकरी आणून त्याच्या ताटात ठेवली, आणि तो जेवायला लागला. दोन घास झाल्यावर त्याने डाव्या हाताने डोळे पुसले आणि अजून भाजी मागितली.