सतरा नंबरची पेटी

मनकर्णामावशींच्या रानातली सतरा नंबरची पेटी चांगली धडधाकट होती. बॅटरी भरलेली, तारा शाबूत, वरची सोलरची पाटी लखलखीत पुसलेली. तरीही लाल दिवा लुकलुकत होता आणि खाली दीड एकरात कांद्याच्या बियाण्याचे गोंडे माना टाकत होते. मार्च संपत आला होता आणि आठ दिवस पाण्याचा थेंब नव्हता. भार्गवीने लॅपटॉप पेटीला जोडला, पडद्यावरची एक ओळ वाचली आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"मावशी, पेटी बिघडलेली नाही. तुम्हाला काढून टाकलंय."

"काढलं? कशातनं?"

"ग्रुपमधून."

सोनईच्या अलीकडे असलेल्या त्या वस्तीवर तेवीस जणांनी मिळून पाणी संस्था काढली होती. कालव्याचं पाणी मोठ्या शेततळ्यात घ्यायचं आणि तिथून पाइपने तेवीस रानांत सोडायचं. प्रत्येक रानात खांबावर एक पेटी. ती मातीतली ओल मोजते, बिनतारी कळवते आणि संस्थेच्या ऑफिसातल्या मोठ्या पेटीचा हुकूम आला की व्हॉल्व्ह उघडते. कुणा उपटसुंभाने खोटा हुकूम सोडू नये म्हणून तो कुलूपबंद होऊन जातो आणि त्या कुलपाची चावी, म्हणजे आकड्यांची एक लांबलचक माळ, तेवीसही पेट्यांत एकच असते. एखादी पेटी चोरीला गेली, तर जुनी चावी मोडायची आणि नवी चावी उरलेल्या बावीस पेट्यांना गुपचूप पोचवायची. हे सगळं भार्गवीनेच केलेलं. भिंगारची पोर, नगरच्या एमआयडीसीतल्या एका लहानशा कंपनीत दोन वर्षं डोळे फोडून तिने ते उभं केलं होतं.

मावशींच्या पेटीत चौदावी चावी होती. ग्रुप आठ दिवसांपूर्वीच पंधराव्या चावीवर गेला होता.

"हुकूम येतोय, पण तुमच्या पेटीला तो वाचता येत नाही," भार्गवी म्हणाली. "म्हणून व्हॉल्व्ह बंद."

मनकर्णामावशींनी एक सुकलेला गोंडा हातात घेऊन चुरगळला. "मंग हे हक्कसोडीचं हाय. दुसरं काय न्हाई."

बाप गेल्यावर बहिणींनी हक्कसोड पत्रावर सही करायची, माहेरच्या जमिनीवरचा हक्क भावाला सोडायचा, आणि त्या बदल्यात दिवाळीला एक साडी घेऊन समाधानाने हसायचं, अशी आपल्याकडची रीत. मनकर्णाबाईंनी सही केली नाही. पंचवीस वर्षं अंगणवाडीत पोरं सांभाळलेली बाई, सातबारावर नाव लावून घेतलं आणि नवऱ्यासह दीड एकरात घर बांधून राहिली. तेव्हापासून भाऊ राधाकृष्ण, म्हणजे संस्थेचे चेअरमन, बोलायचे बंद झाले. लग्नांच्या पत्रिका यायच्या थांबल्या. दळणाला गेलं की गिरणी बंद व्हायची. पण पाणी चालू होतं, कारण पाणी कुणा माणसाच्या हातात नव्हतं, भार्गवीच्या पेट्यांच्या हातात होतं. निदान भार्गवी तरी छाती फुगवून असं सांगत असे.

ऑफिसकडे स्कूटी दामटताना तिला स्वतःचंच प्रशिक्षण आठवलं आणि लाज वाटली. देवळाच्या सभामंडपात, पडदा लावून, चेअरमनच्या मुलाला, रविराजला, सगळ्यांत पुढे बसवून तिने सांगितलं होतं, "जो बाहेर गेला, त्याला आतलं एक अक्षरही कळता कामा नये." रविराजने हात वर करून विचारलं होतं, "आन बाहेर गेलेल्याला कळतं का मॅडम, की आपन बाहेर गेलोय?" "नाही," ती म्हणाली होती. काय अभिमानाने म्हणाली होती! इतका हुशार विद्यार्थी मिळाला म्हणून घरी आईलाही सांगितलं होतं.

पण एका माणसाच्या लहरीवर हे होऊ नये, याची सोय तिने केली होती. चावी बदलायची तर एका दिवसात सात सभासदांनी आपापल्या रानातल्या पेटीवर अंगठा ठेवला पाहिजे. ज्याची पेटी त्याचाच अंगठा चालतो. म्हणजे सात जणांनी मिळून एका बाईचं पीक जाळायचं ठरवलं होतं. तिला ती सात नावं हवी होती.

ऑफिसात सेक्रेटरी कल्याण पंख्याखाली बसला होता. मावशींना मागच्या सीटवरून उतरताना बघून त्याने वही उघडली.

"सतरा नंबर का काढला?" भार्गवीने दारातूनच विचारलं.

"सिस्टीमनं काढला ताई. आमी कुनी काय केलं न्हाई."

"सिस्टीम मी लिहिलीय, कल्याणराव. ती स्वतः होऊन काही करत नाही."

"आता आमाला त्यातलं काय कळतं?" कल्याण म्हणाला आणि त्याने फोन लावला.

दहा मिनिटांत रविराज आला, मागून राधाकृष्ण. म्हातारा खुर्चीत बसला आणि चपलेच्या अंगठ्याकडे बघत राहिला. बहिणीकडे त्याने पाहिलंच नाही.

"मॅडम, वाळीत टाकनं गुन्हा हाय, आमाला म्हायती हाय," रविराज म्हणाला. "आमी कुनाला वाळीत टाकलं न्हाई. कुनी बैठक घेतली न्हाई, ठराव केला न्हाई. मशिननं पेटी बंद केली. मशिनीवर करा केस."

त्याच्या चेहऱ्यावरचं ते हसू बघून भार्गवीला वाटलं, टेबलावरची मोठी पेटी उचलावी आणि याच्या डोक्यात घालावी. तिने तसं केलं नाही. तिने पेटीला वायर जोडली. कुणी कधी अंगठा ठेवला याची नोंद पेटी ठेवते, हे तिने प्रशिक्षणात सांगितलं नव्हतं. कुणी विचारलंच नव्हतं.

"एक नंबर, राधाकृष्ण," ती मोठ्याने वाचू लागली. "तीन, कल्याण. चार, रविराज. नऊ, गहिनीनाथ. बारा, भीमा."

कल्याणची वही मिटली. चांगुणेच्या नावाशी भार्गवी अडखळली, कारण चांगुणा ही मावशींची बांधाची शेजारीण, त्यांच्याच विहिरीवर धुणं धुणारी. सहा झाली. सातवा आकडा भार्गवीने दोनदा वाचला.

"सतरा," ती म्हणाली.

कल्याणने मान लांब करून पडद्यात डोकावून पाहिलं.

"आता कसं!" रविराज म्हणाला. "आत्यानं सोताच अंगठा दिला. तिची संमती हाय. घ्या लिहून."

"मी?" मनकर्णामावशी म्हणाल्या. मग त्यांचा हात हळूहळू तोंडाकडे गेला. "मागल्या सोमवारी राध्या आल्ता. दोन वर्सांनी आल्ता. म्हनला, मने, तुझ्या पान्याचा दाब कमी हाय, पेटीवर अंगठा ठिव, वाढवून देतो." त्या भावाकडे वळल्या. "मी चहा केला. दुधाचा केला. कप तुझ्या हातात द्यायच्या आधी जाऊन अंगठा ठिवून आले."

राधाकृष्णने पाय खुर्चीखाली ओढून घेतले.

सातवा अंगठा त्यांना गावात मिळाला नव्हता. तेवीसांपैकी सहाच माणसं नीच निघाली होती. उरलेले मूग गिळून बसले होते, आणि त्यांचाही भार्गवीला राग आला. पण सर्वांत जास्त राग तिला स्वतःचा आला. ज्याला काढायचं, त्याचाच अंगठा त्याला काढण्यासाठी मोजायचा नाही, ही एक ओळ लिहायची ती विसरली होती. दोन वर्षं तिने चोराचा विचार केला, हॅकरचा केला, पेटी फोडणाऱ्याचा केला. चहा प्यायला येणाऱ्या भावाचा केला नव्हता.

"चूक माझी आहे," ती म्हणाली. "काढायच्या माणसाचा अंगठा धरायचा नसतो. म्हणजे सहाच होतात. सहावर चावी बदलत नाही. पंधरावी चावी रद्द. चुकीची चावी रद्द करायचा अधिकार मला तुमच्याच करारात दिलाय, चेअरमनसाहेब, तुमची सही आहे त्यावर." तिने तिथेच उभ्या उभ्या ती रद्द केली, तेवीसही पेट्यांसाठी सोळावी काढली आणि विसरलेली ओळ लिहून टाकली. बोटं इतक्या जोरात आपटत होती की कल्याण पंख्याखालून उठून बाजूला झाला.

"मॅडम, ह्या तालुक्यात तुमच्या कंपनीला पुन्यांदा काम कसं मिळतंय, बघतो," रविराज म्हणाला.

"बघ," भार्गवी म्हणाली. "आणि ही नोंद पुसायला जाऊ नकोस. तिची प्रत माझ्याकडे आहे."

रानात परत आल्यावर एकच काम राहिलं होतं. बाहेर काढलेल्या पेटीला नवी चावी घ्यायची तर तिच्या मालकाने एकदा अंगठा ठेवायला हवा. मावशी खांबासमोर उभ्या राहिल्या. हात वर गेला आणि थांबला.

"ठेवा मावशी. या वेळी फसवणूक नाही."

"थांब. एक सांग." त्यांचा आवाज एकदम बारीक झाला होता. "राध्याला यातलं काय कळत न्हाई. रविराजनं पढवून धाडला असंल. म्हाताऱ्याला वाटलं असंल, खरंच दाब वाढतो. मंग घरी गेल्यावर पोरानं त्येचा बी अंगठा ठिवून घेतला असंल. व्हय ना? त्येनं कवा ठिवला, माझ्याकडं यायच्या आदी का नंतर?"

भार्गवीला ठाऊक होतं. ऑफिसात तिने वेळाही पाहिल्या होत्या, फक्त वाचल्या नव्हत्या. खोटं बोलावं, असं तिला क्षणभर फार वाटलं. पण या बाईशी पुरेसं खोटं बोलून झालं होतं.

"आधी, मावशी. तुमचा दहा वाजून सात मिनिटांनी. त्यांचा पहाटे साडेपाचला. सातांमध्ये सगळ्यांत पहिला अंगठा त्यांचाच आहे."

मावशींनी मान हलवली. मग त्यांनी पेटीवर अंगठा असा दाबला की खांब हलला. दिवा हिरवा झाला, पाइपात गुरगुर झाली आणि पहिल्या वाफ्यात पाणी शिरलं. त्यांनी पाण्याकडे पाहिलं नाही. डोक्यावरचा पदर काढून कमरेला खोचला.

"भरू दे वाफे," त्या म्हणाल्या. "तवर पोलीस ठान्यात जाऊन येऊ. नाव मी सांगते. तू फक्त टाइम सांग."