काडीचा आधार

टोंगयोंगच्या बंदरात कालवं सोलणाऱ्या बायकांमध्ये ओक्बूनचा हात सगळ्यात चपळ होता, आणि लेकीच्या काळजीत तिच्याइतकं कुणी झुरत नव्हतं. लेक सोर्योंग जन्मापासून काडी. तिचा बापही हयातभर तसाच होता, पण ते कुणी ध्यानात घेत नसे. शाळेत पोरं ओरडायची, "खिडकी लावा, सोर्योंग उडून जाईल!" मोठी होऊन ती बुसानला टपालखात्यात लागली. डोंगरउतारावरच्या वस्तीत पिशवी खांद्याला लावून दिवसभर पायऱ्या चढायची-उतरायची, सर्दीपलीकडे कधी अंथरूण धरलं नव्हतं. तरी आईच्या लेखी ती पाप्याचं पितरच.

त्या वर्षी पानगळीच्या सुमारास ओक्बूनने कुणा ओळखीच्या बाईकडून रानातली मुळं आणली, दिवसभर उकळून काळाकुट्ट काढा केला आणि पाकिटांत भरून लेकीला धाडला. "सकाळ-संध्याकाळ घे. अंगावर जरा मांस चढेल." सोर्योंगने एक घोट घेतला, तोंड वेडंवाकडं केलं आणि पाकिटं फ्रीजच्या तळाशी सारली. पुढे आई न सांगता येऊन थडकली. तिने फ्रीज उघडला, तळाशी पडलेली पाकिटं पाहिली. जाताना ती सगळी पिशवीत भरून घेऊन गेली. एवढ्या कष्टाची वस्तू ओतून कशी द्यायची? रोज स्वतःच पीत राहिली.

थंडी पडली तसे ओक्बूनचे डोळे पिवळे झाले. अन्नावरची वासना उडाली. गावच्या डॉक्टरने घाईघाईने बुसानच्या मोठ्या इस्पितळात पाठवलं. तिथे पोचेपर्यंत ती थोरल्या लेकाला, ग्यूचोलला, त्याच्या वारलेल्या बापाच्या नावाने हाका मारायला लागली होती.

"यकृत निकामी झालंय," डॉक्टर प्यो म्हणाल्या. पन्नाशीच्या बाई, बोलणं मोजकं. "बहुतेक त्या काढ्यानं. आता दुसऱ्या कुणाच्या यकृताचा तुकडा बसवणं, एवढाच उपाय. मेलेल्या दात्याची वाट बघत बसलो तर बाई हातच्या जातील."

ग्यूचोल पूर्वीचा कुस्तीगीर. आता भाजलेल्या डुकराच्या मांसाची खानावळ चालवत होता. दारातून आत यायचा तर खांदा तिरपा करावा लागे. त्याने बाही वर सारली. "माझं घ्या. हवं तेवढं घ्या."

ओक्बूनने मध्येच डोळे उघडले. खाटेच्या पायथ्याशी उभ्या लेकीकडे बराच वेळ पाहिलं.

"हिचं नको," ती पुटपुटली. "हिच्यात आहे काय कापायला?"

मग तिची शुद्ध हरपली.

दोघा भावंडांच्या तपासण्या झाल्या. दुपारी डॉक्टर प्योंनी ग्यूचोलला बोलावलं आणि सरळच सांगितलं, "तुमच्या यकृतात चरबी फार आहे. दोन-तीन महिने मिळाले असते तर उतरवता आली असती."

"आईकडे तेवढे आहेत का?"

डॉक्टरांनी नकारार्थी मान हलवली. एवढा आडदांड गडी, मटकन खुर्चीत बसला.

मग राहिली सोर्योंग. टोंगयोंगहून धाकटी मावशी आली होती, ती व्हरांड्यातच कडाडली. "हिला टेबलावर घेणार? डोकं फिरलंय का तुमचं? फुंकर मारली तर पडेल ही पोर! एका घरातून दोन तिरड्या काढायच्यात का?"

"मावशी, हळू बोल," ग्यूचोल म्हणाला.

"का हळू? तुला आई हवी म्हणून बहिणीचा बळी देणार का तू?"

ग्यूचोलने मान खाली घातली. सोर्योंग भिंतीला टेकून उभी होती. मावशी तिच्याबद्दल बोलत होती, आणि मावशीचं खरं असावं असं तिला मनापासून वाटत होतं. ते जाणवलं आणि तिची तिलाच लाज वाटली.

डॉक्टर प्योंनी तिला एकटीला आत घेतलं, दार लावलं.

"लहानपणापासून अशीच?"

"हो."

"वजन मध्येच घसरलंय? पाळी नियमित? खाऊन ओकून टाकतेस?"

"नाही हो. भावापेक्षा जास्त भात खाते मी. अंगी लागत नाही, एवढंच."

"रक्त चांगलं आहे, थायरॉइड चांगलं आहे. यकृत तर एकदम स्वच्छ. लहान आहे, पण तुझी आईही लहान चणीची. पुरेल. फक्त तुझ्याकडे जे उरेल ते अगदी काठावर असेल."

"मी बारीक आहे म्हणून मरेन का?"

"बारीक असणं हा रोग नाही. तू निरोगी आहेस," डॉक्टर म्हणाल्या. "पण खोटं सांगत नाही. जाड माणूस आजारी पडला तर अंगावरच्या साठ्यावर काही दिवस काढतो. तुझ्याकडे साठा नाही. ताप आला, अन्न गेलं नाही, तर तू लवकर खचशील. हाडंही जरा हलकी आहेत तुझी, त्याकडे पुढं बघायला हवं. आणि धोका कुणालाही असतो, तो तुलाही आहे."

त्या पुढे वाकल्या. "आता नीट ऐक. तुला नको असेल तर आत्ता सांग. बाहेर मी एवढंच म्हणेन, वैद्यकीयदृष्ट्या योग्य नाही. तुझ्याकडे बघून कुणी शंकाही घेणार नाही."

खरंच नसती घेतली. जन्मभर जे हिणवणं ऐकलं, तेच आज तिला सोडवायला उभं होतं. मावशीने सुटकेचा श्वास टाकला असता, दादाने पाठीवरून हात फिरवला असता. सोर्योंगच्या ओठांवर 'नको' आलं होतं.

"तो काढा मी प्यायले असते तर?"

"सांगता येत नाही. कुणाला बाधतो, कुणाला नाही. कदाचित आज या खाटेवर तू असतीस."

"आणि दादाचं चाललं नसतं, तर आईनं मला तिचं दिलं असतं."

"ते मी कसं सांगू?"

"मी सांगते ना. धोका किती, हे तिनं विचारलंसुद्धा नसतं." सोर्योंगने घामेजलेले तळवे पँटला पुसले. "कधी करायचं?"

दुसऱ्या सकाळी मायलेकींना शस्त्रक्रियेसाठी शेजारशेजारच्या खोल्यांत नेलं. मावशी दाराशी सोर्योंगचा हात धरून रडली, पण अडवलं नाही तिने.

आईचं झपाट्याने सुधारत गेलं. जिवावर बेतलं ते लेकीच्या. जखमेच्या आत पाणी साचलं, ताप चढला, घास गिळवेना. होतं नव्हतं ते मांसही झडलं. डॉक्टर प्यो दिवसातून कितीदा तरी येऊन पोट दाबून बघायच्या आणि कपाळावर आठी घेऊन जायच्या. ग्यूचोलने खानावळीला कुलूप लावलं. तो तांदळाची पेज घेऊन बसायचा. "एक चमचा. हा एकच. लहानपणी माझ्या ताटातलं चोरून खायचीस, तेव्हा बरं जात होतं गं!" ती हसायला जायची आणि टाके ओढले की कळवळायची. एका दुपारी पेज पोटात टिकली. मग ताप उतरला.

परिचारिकेने ओक्बूनला चाकाच्या खुर्चीवर बसवून आणलं. लेकीला पाहून तिचा चेहरा आधी पांढराफटक पडला, मग लाल झाला.

"मी नको म्हटलं होतं ना?"

"म्हटलं होतंस."

"मग कुणाला विचारून केलंस? शुद्धीवर असते ना, तर टेबलावरून उठून गेले असते मी!"

"ठाऊक होतं. म्हणून तर तू शुद्धीवर यायची वाट पाहिली नाही."

ओक्बूनने खुर्ची खाटेला भिडवली. तिने लेकीच्या अंगरख्याचं टोक मुठीत धरलं आणि हुंदके देत राहिली. परिचारिका न्यायला आली तरी मूठ सुटेना.

वसंतात चेरी फुलली तेव्हा सोर्योंग पुन्हा कामावर गेली. आधी टपालकचेरीच्या खिडकीवर, मग उन्हाळा सरल्यावर पिशवी घेऊन वस्तीत. पहिल्या दिवशी अर्ध्या चढावर तिला धाप लागली. ती एका पायरीवर बसली, आईने दिलेलं रताळं सोलून खाल्लं, पिशवीचा पट्टा खांद्यावर घेतला आणि वर चढू लागली.