कुलपातलं गंध

चूक चंद्रमतीची होती, आणि अशी चूक करायला बाई तंजावूरचीच हवी. सरस्वतीपूजेच्या, म्हणजे आपल्या खंडेनवमीच्या सकाळी तिने नवऱ्याच्या, सदाशिवच्या, जुन्या पिकअपला हार घातला, चाकांना गंध लावलं. तेवढ्यावर थांबेल तर ना! स्टिअरिंगच्या दांड्यावरच्या कुलपालाही तिने चांगलं बोटभर गंध थापलं. ते किल्लीच्या भोकात गेलं आणि वाळलं. तासाभराने सदाशिवने जोर लावून किल्ली फिरवली, ती आतच मोडली. स्टिअरिंग जागचं हलेना.

अकराच्या आत तिच्या वडिलांना, अप्पांना, जवळच्या तिरुवैयारूहून तंजावूरच्या इस्पितळात आणायचं होतं. मद्रासचे डोळ्यांचे डॉक्टर एकाच दिवसासाठी आले होते, आणि दुखऱ्या कमरेमुळे अप्पांना बसमध्ये चढवत नव्हतं. नवऱ्याला गंधाचं सांगायची छाती होईना. ती तडक राजवाड्यामागच्या गल्लीत, कुलपं दुरुस्त करणाऱ्या रघुपतीकडे गेली.

"अक्का, अवजारं पूजेला बसलीत," तो म्हणाला. "उद्या दसऱ्यापर्यंत हात लावायचा नाही."

तिचा चेहरा उतरलेला पाहून त्याने चपला पायांत सरकवल्या. "हात कुठे पूजेला बसलेत? चला. गरम पाणी, बत्ता आणि केसांतले दोन आकडे तेवढे द्या."

मग त्याने जे केलं ते बघत राहावं असंच होतं. भोकात थेंब थेंब गरम पाणी सोडून तो स्वस्थ बसला. घाई म्हणून नाही. वाळलेलं गंध भिजल्यावर दोन आकड्यांमध्ये किल्लीचा तुकडा धरला आणि पायातला काटा काढावा तसा अलगद ओढून काढला. घरातली दुसरी किल्ली फिरली, पण दांड्यात रुतलेली कुलपाची खुंटी सुटेना. "स्टिअरिंग जरा डावीकडे घ्या," तो सदाशिवला म्हणाला. "आता उजवीकडे. सावकाश." खुंटीवरचा भार हलका झालेला हाताला कळताच त्याने खालून बत्त्याचा एकच ठोका दिला. खुंटी सुटली. चालत्या गाडीत ती पुन्हा अडकू नये म्हणून त्याने ती तारेने मागे बांधून टाकली.

"झालं काय होतं?" सदाशिवने विचारलं.

रघुपतीने आपल्या नखातलं पिवळं गंध पाहिलं, मग चंद्रमतीकडे पाहिलं. "जुनं कुलूप. मळ साचतो," असं म्हणत त्याने ते नख आपल्याच कपाळाला पुसलं. एवढ्या मनाचा माणूस शेजारच्या गल्लीत राहतो आणि आपण त्याला नुसता कुलूपवाला म्हणतो, याची चंद्रमतीला लाज वाटली.

पावणेअकराला अप्पा इस्पितळात होते. दसऱ्याला रघुपतीने अवजारं उचलली ती थेट पिकअपपाशी आणली, वाकलेली खुंटी सरळ केली आणि मोडलेल्या किल्लीच्या जागी नवी घासून दिली.

शस्त्रक्रियेनंतर अप्पा डोळ्यांवर पट्टी बांधून पडले होते तेव्हा चंद्रमतीने त्यांना सगळं सांगून टाकलं. पट्टी सुटली तशी अप्पा म्हणाले, "आधी रघुपतीला बोलवा." तो आला. अप्पांनी त्याचे दोन्ही हात डोळ्यांजवळ घेतले, उलटेसुलटे करून बराच वेळ पाहिले.

"गंध कुठल्या नखात होतं रे?"

"कसलं गंध?" दारातून सदाशिवने विचारलं.

रघुपती काही बोलायच्या आत चंद्रमती पुढे झाली.

"मी कुलपाला थापलेलं," ती म्हणाली.