क्रमांक एकेचाळीस, खोली तीनमध्ये या

मित्रांनो, मी एक जुनी टोकनची मशीन आहे. सरकारी दवाखान्याच्या तळमजल्यावर, तीन नंबरच्या खोलीच्या दारावर मला टांगलंय. अंगाने जेवणाच्या डब्याएवढी, तोंडाला जाळी आणि आवाज बाईचा. तो आवाज माझा नाही. मला बसवलं तेव्हा इथल्या मोठ्या सिस्टरांनी एक ते नव्याण्णव आकडे आणि एक वाक्य माझ्यात बोलून ठेवलं. पुढे सिस्टर वारल्या. त्यांना पोचवून मंडळी परत आली, तेव्हा मी त्यांच्याच आवाजात बावीस नंबरला बोलावत होते. शिपाईमामा त्या दिवशी जेवले नाहीत.

तीन नंबरच्या खोलीत शरीरसंबंधातून लागणाऱ्या आजारांची तपासणी होते. फुकट होते. लोक त्यांना गुप्तरोग म्हणतात आणि म्हणतानासुद्धा इकडेतिकडे बघतात. ताप आला तर गावभर सांगतील, इथे येताना मात्र तोंड लपवतील. म्हणून इथला नियम असा, की नाव विचारायचं नाही, फोन नंबर घ्यायचा नाही. रक्त द्यायचं, आकड्याची चिठ्ठी घ्यायची आणि आठ दिवसांनी तो आकडा पुकारला की आत यायचं. निकाल नेईपर्यंत तो आकडा दुसऱ्या कुणाला मिळत नाही. या नियमाचं मी कौतुकच ऐकत आले. पण माणूस परत आलंच नाही तर त्याला शोधायचं कुठे, हे कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं.

एकेचाळीस नंबरची बाई अशीच आली नाही. शिवणकाम करणारी होती, बाहीला दोऱ्याचे तुकडे चिकटलेले असायचे. सहावा महिना चालू होता. निकालात गरमी निघाली, म्हणजे डॉक्टर ज्याला सिफिलिस म्हणतात ती.

आत बसून निकाल सांगणाऱ्या ताईंनी कागद वाचला आणि मामांना हाक मारली. "मामा, आत्ता इंजेक्शनं घेतली तर पोर वाचेल. उशीर झाला तर पोटातच जायचं हो. रोज पुकारा तिला."

"पण ती कोण, कुठली, कळायचं कसं?"

"नाहीच कळणार. पुकारत राहा."

रक्त घेणारी मुलगी बदली होऊन गेली होती. चेहरा ओळखणारी मी एकटीच, आणि मला कुठलं सांगता येतंय. मग रोज सकाळी, तपासणी सुरू व्हायच्या आधी, मी पुकारायची, "क्रमांक एकेचाळीस, खोली तीनमध्ये या." मेलेल्या बाईचा आवाज लांबलचक बोळातून जायचा आणि तसाच परत यायचा. कुणी उठायचं नाही. झाडूवाल्या मावशी ती वेळ टाळून झाडायला लागल्या.

आणि सांगू का, ती बाई तिथेच बसलेली असायची. बोळाच्या पलीकडे डोळ्यांचा विभाग आहे. तिच्या सासूच्या एका डोळ्याचं ऑपरेशन झालेलं, दुसऱ्याने आधीपासून दिसत नव्हतं. सून रोज तिला हाताला धरून आणायची. आकडा पुकारला की मान खाली घालायची. सासूला बाकावर सोडून त्या खोलीत शिरायचं, आणि विचारलं तर सांगायचं काय?

"रोज बोलावतात बिचारीला," सासू एकदा म्हणाली. "जात का नाही गं ती?"

"असेल काही अडचण, आई."

अकराव्या दिवशी मी नेहमीसारखं पुकारलं. वाक्य संपलं, पण माझं तोंड बंद झालं नाही. जाळीतून हळूच आलं, "ये गं बाळा. मी आहे ना."

मित्रांनो, हे शब्द माझ्यात नव्हते. मी स्वतःच घाबरले. मामांच्या कपातला चहा सांडला.

"सिस्टर असंच म्हणायच्या," ते पुटपुटले. "दारात अडलेल्या प्रत्येक पोरीला."

नंतर मेकॅनिकने मला उघडून पाहिलं. नव्याण्णव आकडे आणि एक वाक्य, बाकी काही नाही म्हणाला.

त्या सकाळी बोळातले सगळे माझ्या जाळीकडे बघू लागले. मग सासूने सुनेचा हात सोडला. "जा," ती म्हणाली.

"कुठे, आई?"

"रोज त्या आकड्याला तुझा हात गार पडतो. मला दिसत नाही, पण हात कळतो. मी बसते इथे. जा तू."

ती उठली. दारापर्यंत येताना दोनदा थांबली, पण आली. तीन आठवडे तीन इंजेक्शनं झाली. आपल्या मुलाला, म्हणजे तिच्या नवऱ्याला, सासूने स्वतः तपासणीला ओढून आणलं, त्याचा कान तेवढा धरायचा बाकी होता. पुढे बाळ जन्मल्यावर त्याचं रक्त तपासलं आणि ते चांगलं निघालं. ताईंनी तो कागद मामांना दोनदा वाचून दाखवला.

आता रक्त घेताना विचारतात, निकाल नेला नाहीत तर निरोप कुठे द्यायचा. काही सांगतात, काही नाही सांगत. पुढच्या आठवड्यात माझ्या जागी पडदा लागणार आहे. त्यावर आकडा दिसेल, आवाज नसेल. माझ्यासारख्या म्हातारीने किती दिवस ओरडायचं म्हणा. पण दिसणाऱ्या आकड्याकडे पाठ फिरवता येते, याची मला काळजी वाटते.

मित्रांनो, मोठे व्हाल, कधी मनात शंका येईल, तेव्हा तपासणीला या. आणि निकाल न्यायलाही या. आजार बरे होतात हो, फक्त माणसाने आत यावं लागतं. अठरा नंबर नऊ दिवस आलेला नाही. निरोपाची जागा त्याने सांगितलेली नाही. आज सकाळी मी पुकारलं तेव्हा बोळात सात जण बसले होते. सातही जणांनी खाली बघितलं.