पिवळी पायरी

माझ्या घराची पायरी पिवळी हाय. दर आइतवारी खंडोबाची पूजा झाली की उरलेला भंडारा मी पायरीवर टाकते, येणाऱ्या-जाणाऱ्याच्या पायाला देव लागावा म्हणून. वर्सानुवर्सं टाकते, त्यामुळं ती हळद दगडात मुरली. आमचे मालक, मुंजाबा, वेरूळकडची मेंढरं इकून शहरात आले, बांधकामावर लागले आन् शहराला लागून असलेल्या सातारा गावात, डोंगरापाशी, खंडोबाच्या देवळाजवळ ही जागा धरली. भिंतीच्या आधी पायरी बांधली त्यांनी. मी म्हणलं, येडे झाले का, घर कुठंय? तर म्हणले, म्हाळसा, पायरी असली की घर येतंच मागनं. आलं मागनं घर. आन् त्या पायरीपायी पोलिसबी आले.

आइतवारच व्हता. पोरगा हनुमान कामावर गेलेला, सून सत्यशीला नातीला घेऊन माहेरी. मी एकलीच देवापुढं बसलेली, दाराला कडी. धाडकन लाथ बसली आन् कडी निखळून माझ्या मांडीपाशी येऊन पडली. मी म्हणलं, "अरे मेल्यांनो, उघडत व्हते की! हाक मारायला तोंड नाय का?"

पाहते तर पोलिस. घर भरून पोलिस. एक साहेब म्हणला, "गोळ्या कुठं आहेत?"

"त्या काय फ्रिजवर. बीपीच्या."

साहेब लई तापला. नशेच्या गोळ्या, म्हणे. ही पोरं खातेत आन् चाकू काढतेत, त्या. मी कपाळाला हात लावला. तवर त्यांनी कपाट उलथं केलं, पिठाचा डबा सांडला, गादी फाडली. देव्हाऱ्यातले टाक, आमच्या सासूच्या सासूपासून चालत आलेले चांदीचे देव, फरशीवर खळाखळा पडले. एकानं भंडाऱ्याची पिशवी हुंगली आन् म्हणला, साहेब, ही पावडर. अरे हळद हाय ती, तुह्या लग्नात तुलाबी लावली असंल! पण कोण ऐकतंय.

कोपऱ्यात रामप्रसाद उभा व्हता. आमच्या गल्लीतला गिरणीवाला. पोलिसांना झडतीला गल्लीतला माणूस लागतो, पंच म्हणून. त्याला चालत्या गिरणीवरून उचलून आणलेला, पापण्यांवर पीठ तसंच. मी त्याच्याकडं पाहिलं. त्यानं खाली पाहिलं.

मग साहेबाचा फोन वाजला. तो चुलीपाशी गेला, ऐकलं, आन् हळूच म्हणला, "अरे यार. घर चुकलं."

मी ऐकलं. रामप्रसादनं ऐकलं. घर चुकलं.

भायेर सगळी गल्ली जमलेली. बायका, लेकरं, गच्चीवरबी माणसं. मला वाटलं, आता हा साहेब सांगंल, बाईची माफी मागंल, निदान मान तरी हालवंल. तो पायरी उतरला आन् म्हणला, "चौकशी चालू आहे. गर्दी करू नका." बस्स. माझ्या घरात खरं बोलला आन् गल्लीला खोटं देऊन गाडीत बसला.

नंतर कळलं, मागल्या गल्लीत एकानं पायरीला पिवळा ऑइलपेंट दिला व्हता. गोळ्या त्याच्याकडं सापडल्या. खबऱ्यानं सांगितलं व्हतं, पिवळ्या पायरीचं घर. मला वाटलं, चला, सुटले. पण लोक काय कमी असतेत का? म्हणले, दोन्ही पिवळ्या पायऱ्या एकाच धंद्यातल्या असतील, खूण असंल ती त्यांची. मी ज्याला भेटंल त्याला सांगितलं, साहेब माझ्या कानांदेखत म्हणला की घर चुकलं. लोक म्हणायचे, "व्हय, व्हय, मावशी." आन् चालायला लागायचे. ज्याच्यावर आळ, त्याच्याच तोंडाला कोण इचारतंय?

गल्ली एकदम नाय तुटली. हळूहळू तुटली. पैल्यांदा हळदी-कुंकवाचं बोलावणं चुकलं. मग इरजण मागायला येणारी पोरगी यायची थांबली. गिरणीवर मी डबा ठिवला की बायकांच्या गप्पा बंद. नळावर मला कुणी टाकून बोललं नाय, तसं बोललं असतं तर मी भांडले तरी असते. भांडायलाबी समोर माणूस लागतंय.

नातीला, संस्कृतीला, शाळेत पोरी म्हणल्या, तुझी आजी गोळ्या इकती. लेकरू रडत आलं. मग हनुमाननं वाळूजला खोली पाहिली. जाताना म्हणला, "आई, ती पायरी घासून टाक, दुसरा रंग दे, आन् चल माझ्यासंगं."

मी म्हणलं, "पायरी घासली म्हणजे मी कबूल झाले."

"कुणापुढं कबूल? सरकारशी भांडती का आता?"

"भांडते."

तो गेला. आइतवारी फोन करतो. पैल्यांदा लई येळ बोलायचा, आता ड्यूटीवर हाय म्हणतो.

खरं सांगू का, हे समदं मी सोसलं असतं. पण चंपाषष्ठी आली आन् मी मोडले. त्या दिवशी आमच्याकडं तळी उचलतेत. ताम्हणात खोबरं, पानं, सुपाऱ्या, भंडारा ठिवायचा, पाच जणांनी हात लावून ते वर उचलायचं. एकानं म्हणायचं, "सदानंदाचा...", आन् बाकीच्यांनी, "येळकोट!" मालक व्हते तवा गल्लीतल्या माणसांचं भांडण लागायचं, ताम्हणाला कोण हात लावणार म्हणून. रामप्रसाद तर दरसाल पैला. मालक गेल्यावरबी आले सगळे, हनुमानला पुढं करून. आन् त्या साली मी रोडगे भाजले, वांग्याचं भरीत केलं, दार उघडं टाकून बसले. कुणीच आलं नाय. तळी तशीच. रोडगे मी कुत्र्यांना घातले आन् दुसऱ्या दिवशी उस्मानपुऱ्यात वकील गाठली.

तनुजा तिचं नाव. नातीपेक्षा थोडी मोठी दिसती, पण हुशार. म्हणली, "आजी, सरकारवर दावा लावता येतो. नुकसानभरपाई मागू." मी म्हणलं, "बाई, मला भरपाई नको. तो साहेब चुलीपाशी जे बोलला ते त्यानं माझ्या पायरीवर उभं राहून गल्लीला सांगावं." ती हसली नाय, ते मला आवडलं. म्हणली, "कोर्ट असं पायरीवर पाठवत नाही कुणाला. पण घर चुकलं, असं कोर्ट म्हणेल. ते म्हणलं की मग कोण नाही म्हणतंय?"

त्या एका बोलण्यावर मी वर्सं काढली. तारीख पडली की शिटीबस धरायची, क्रांती चौकात उतरायचं, कोर्टाच्या बाकड्यावर बसायचं, पुढची तारीख घेऊन परत. बाकड्यावर अनोळखी बाया इचारायच्या, काय केस? मी सगळं सांगायची. गल्लीपेक्षा जास्ती मी त्या बाकड्यावर बोलले असंल.

सरकारचा वकील म्हणला, खबर पिवळ्या पायरीची होती आणि बाईंची पायरी पिवळीच आहे. पोलिसांनी शुद्ध हेतूनं काम केलं. दार बाईंनी स्वतः उघडलं. कशाची मोडतोड नाही. साहेब आला, त्यानंबी तसंच सांगितलं. घर चुकलं म्हणलात का, तनुजानं इचारलं. "असं काही बोलल्याचं आठवत नाही."

आता सगळं रामप्रसादवर आलं. मी गिरणीत गेले. हात जोडले. त्यानं पट्टा चालू केला, त्या आवाजात काय ऐकू येतंय? शेवटी तनुजानं कोर्टाकडून त्याला समन्स काढलं.

तो आला. नवीन शर्ट घालून आला. पिंजऱ्यात उभा राह्यला आन्, गं माय, काय बोलला! गिरणीचा पट्टा बंद केल्यावर माणूस कसा एकदम स्वच्छ ऐकू यावा, तसा. म्हणला, "दार लाथेनं तोडलं. देव फेकले. काहीच सापडलं नाही. साहेबांना फोन आला, ते चुलीपाशी गेले आणि म्हणले, अरे यार, घर चुकलं. मी माझ्या कानानं ऐकलं." जज्जसाहेबांनी इचारलं, नक्की? म्हणला, "नक्की, साहेब. ह्या बाईंच्या घरात आम्ही इतकी वर्षं तळी उचलली. हे घर तसलं नाही."

मी पदर तोंडात कोंबून रडले.

भायेर आल्यावर मी त्याला गाठलं. म्हणलं, "रामप्रसाद, हेच तू गिरणीत का नाय बोलला? अर्धी गल्ली रोज तुह्यापुढं डबा घेऊन उभी असती."

तो चप्पल घालत व्हता. "वहिनी, मी आत होतो हे लोकांनी पाहिलं. मी तुमची बाजू घेतली असती तर म्हणले असते, पोलिसांना यानंच आणलं आणि आता सारवासारव करतो. धंदा आहे माझा."

"आन् हितं कसा बोलला?"

"हितं समन्स होतं."

निकाल लागला. जज्जसाहेबांनी सगळं वाचून दाखवलं. सरकारचं चुकलं, पोलिसांनी भलत्याच घराची झडती घेतली, बाईंना भरपाई द्यावी. तनुजानं मला मिठी मारली. मी उठून म्हणलं, "साहेब, हे माझ्या गल्लीत येऊन कुणी सांगंल का?"

जज्जसाहेब चांगला माणूस. चष्मा काढून म्हणले, "आजी, हा कोर्टाचा हुकूम आहे. तेवढा पुरेसा आहे."

तनुजानं क्रांती चौकात चहा पाजला, हुकमाची नक्कल माझ्या पिशवीत घातली, आन् तिला दुसरी केस व्हती. मी बसनं घरी आले. गल्लीत शिरले तर नळावर बायका. म्हणलं, "जिंकले बरं का मी." एक म्हणली, "हो का? बरं झालं, मावशी." आन् हंडा उचलून गेली. तिनं नक्कल पाहिली नाय, मागितलीबी नाय. हनुमानला फोन केला. म्हणला, "छान, आई. आता तरी ये इकडं."

मग परवा चंपाषष्ठी झाली.

मी रोडगे भाजले. भरीत केलं. ताम्हण भरलं. पायरीवर ताजा भंडारा टाकला आन् दार उघडं टाकून बसले. लोक डोंगराकडं देवाला चाललेले, ढोल वाजत व्हता. माझ्या दारापाशी आले की पोरंबी दुसरीकडं पाहायची. मला वाटलं, जिंकूनबी असंच व्हणार व्हतं तर जिंकले कशाला?

ऊन कलताना रामप्रसाद आला. हात-पाय धुऊन, टोपी घालून. पायरीच्या खाली थांबला. म्हणला, "वहिनी, तळीला आलो."

माझा जीव असा भरून आला म्हणून सांगू! पण मी तशी सोपी नाय. मी म्हणलं, "ये. पण आधी पायरीवर उभा राह्य, गल्लीकडं तोंड कर, आन् कोर्टात म्हणला तेच म्हण. दोनच शब्द हायेत."

तो पायरीवर चढला. वळला. समोर कट्ट्यावर चार-पाच माणसं बसलेली, दोघी बायका भाजी निवडत व्हत्या. सगळ्यांनी मान वर केली. मी आतून त्याची पाठ पाहत व्हते. त्याच्या खांद्यांनी श्वास घेतला. आता म्हणंल. आता म्हणंल.

तो परत वळला, उंबऱ्याच्या आत आला, माझ्यापुढं वाकला आन् माझ्या कानापाशी म्हणला, "घर चुकलं होतं, वहिनी."

"मला म्हाईतीय ते, रामप्रसाद," मी म्हणलं. "मला कशाला सांगतो?"

तो बसला नाय. गेला. जाताना त्याचे तळपाय पिवळे झाले व्हते, ते त्यानं नळावर थांबून धुतले. तेबी मी पाहिलं.

मग मी ताम्हणाला दोन हात लावले. जड व्हतं. कपाळापर्यंत उचललं आन् म्हणलं, "सदानंदाचा..."

थांबले. लई येळ थांबले. भायेर कट्ट्यावर कुणीतरी खोकललं.

मग माझं मीच म्हणलं, "येळकोट."