कोरगावच्या पृथ्वीगोलाचे नऊ तास

मित्रांनो, कोरगावच्या गोकुळदास मास्तरांच्या घरातला जुना पृथ्वीगोल तो मीच. रंग उडालेला, दक्षिणेला पोचा आलेला. हसा खुशाल! पुठ्ठ्याच्या गोळ्यावर कागदाच्या पाकळ्या चिकटवून मुंबईच्या कारखान्यात मला घडवलं आणि गोवा मुक्त झाल्यावर इथल्या शाळेत आणलं. पोरं आधी पोर्तुगाल शोधायची. "एवढोच तो?" म्हणून हसायची.

मास्तरांचा हातखंडा प्रयोग म्हणजे दोरा. दोन शहरांमध्ये दोरा ताणायचा, मोजायचा आणि विमानाला किती तास लागतील ते सांगायचं. तेव्हा मी किती मिरवायचो! पुढे शाळेत नवा गोल आला. मी अडगळीत पडलो. निवृत्त होताना मास्तरांनीच मला उचलून घरी आणलं.

त्यांची एकुलती एक लेक सुमंगला नर्स होऊन लंडनला निघाली, तेव्हा तिची आई कमलाक्षीबाई रडरड रडल्या. मास्तरांनी माझ्यावर दोरा ताणला. "मुंबई ते लंडन बहात्तरशे किलोमीटर. नऊ तास गो फक्त! हाक मारलंस काय येतली."

सहा वर्षांनी कमलाक्षीबाईंनी अंथरूण धरलं. डॉक्टरांनी हात टेकले. सुमंगलाची तार आली, 'रविवारी रात्री विमानात बसते.' सोमवारी सकाळी मास्तरांनी मला बाईंच्या उशाशी ठेवलं.

"चेडू खंय पावला?" बाई लेकीचा ठावठिकाणा विचारत.

"इराण मागे पडला. आता दर्यावर आसा." मास्तर माझ्यावरून बोट सरकवत. बाई डोळे ताणून त्या बोटाकडे बघत. त्यांचा जीव तेवढ्यासाठीच अडकला होता, हो!

दुपारी बोट मुंबईला टेकलं. तेवढ्यात दुसरी तार आली. धुक्यामुळे विमान उडालंच नव्हतं. पोर अजून लंडनलाच होती. मास्तरांनी तार खिशात कोंबली.

"काय आला?"

"शाळेचा कागद," मास्तर म्हणाले. "सुमंगला मुंबईक उतरली गो."

"मगे बोट फुडे सरकवा मां."

कुठे सरकवणार? माझ्या अंगावर मुंबई ते कोरगाव जेमतेम तांदळाच्या दाण्याएवढी जागा. बोट मुंबईवरच अडकलं. मला ओरडावंसं वाटलं, पण पुठ्ठ्याला कुठली वाचा!

"दाबोळीच्या विमानतळार पावली," मास्तर म्हणाले. "आता घराक येता."

तिन्हीसांजेला बाईंनी दाराकडे मान वळवली. "मगे दारात कित्याक नाय?" एवढंच बोलल्या आणि गेल्या.

सुमंगला बुधवारी आली. "आयेन माझी वाट बघितली?" मास्तर माझ्याकडे बघत बसले. मी तरी काय सांगणार?

मित्रांनो, मला फिरवा, माझ्यावर देश शोधा, जमलं तर धूळ पुसा. पण हात जोडून सांगतो, कुणा आजाऱ्याच्या उशाशी मला ठेवू नका. तिथे तुम्ही बसा, आणि वेळेवर बसा.