कोस्टारिका पाहून आलेले मास्तर

आमचे हे बोरीबंदरच्या पलीकडे कधी गेलेले नाहीत. तिथेही एकदाच, माझ्या आतेभावाच्या लग्नाला, आणि गर्दीत एक चप्पल हरवून परत आले. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं ऐकताना कुणाच्या मनात शंका नको.

आमच्या चिंचवडला आळीचं वाचक मंडळ आहे. दर उन्हाळ्यात शाळेच्या पटांगणात त्यांची व्याख्यानमाला असते. शेजारी पिंपरीला औषधांचा कारखाना आला, गोरे साहेब मोटारीतून दिसायला लागले, तशी मंडळाचे अध्यक्ष आबाजी यांना हुक्की आली, की यंदाचा विषय 'देशांची ओळख'. जर्मनी वकिलांनी उचलला, जपान डॉक्टरांनी. आमचे यशवंतराव पडले शाळामास्तर, त्यातून भिडस्त. हे पोचले तेव्हा कोस्टारिका उरला होता. तोही कशावरून, तर आबाजींच्या पुतण्याला मुंबईत एक इंग्रजी पुस्तिका मिळाली होती, त्या देशात फिरायला किंवा राहायला जाणाऱ्यांसाठी छापलेली.

पण मेहनत केली हो यांनी. जेवतानासुद्धा कोस्टारिका. कॉफी कशी पिकते, केळीचे घड आगगाडीने लिमोन बंदरात कसे येतात, सरकारने फौजच कशी मोडून टाकली. एक गोष्ट मला फार आवडली होती. तिथे म्हणे घरांना नंबर नसतात. पत्ता सांगायचा तो देवळापासून, इतकं दक्षिणेला, मग इतकं पश्चिमेला. मी म्हटलं, "अहो, हे तर आपल्यासारखंच झालं." तर म्हणाले, "हे मी व्याख्यानात घालतो." आणि खरंच टिपून ठेवलं.

व्याख्यानाच्या दिवशी पटांगण भरलं होतं. वक्त्याचा परिचय करून देताना तो जरा फुगवायचा, ही आपल्याकडची रीतच आहे. आणि वक्त्याने संकोचून हात जोडायचे, हीसुद्धा. आबाजी उठले आणि म्हणाले, "आजचे वक्ते नुसते वाचून बोलणारे नाहीत. कोस्टारिका देश स्वतः पाहून आलेले आहेत." टाळ्या पडल्या. यांनी दचकून आबाजींकडे पाहिलं. आणि मग हात जोडले.

मला वाटलं, पहिल्या वाक्यात खुलासा करतील. पण व्यासपीठावर वडीलधाऱ्या माणसाला खोटं पाडायचं कसं? घसा खाकरला आणि सुरुवात केली, "त्या भूमीवर पाऊल ठेवताच..." बायकांच्या बैठकीत माझे कान तापले. शेजारची सुभद्राबाई मला कोपर मारून म्हणाली, "बोलली नाहीस गं कधी!" मी मान खाली घातली. शेवटी शाल मिळाली, नारळ मिळाला. घरी आल्यावर म्हणाले, "कुणाचं काय बिघडलं त्यात?" मी नारळ देवापुढे ठेवला नाही, कोनाड्यात ढकलला.

कुणाचं बिघडलं ते दुसऱ्या दिवशी सकाळी दारात येऊन उभं राहिलं. कासारवाडीची ताजुन्निसाबी, सत्तरीची म्हातारी. तिचा मुलगा इम्तियाज आधी सायकली दुरुस्त करायचा, मग मुंबईहून बोटीवर खलाशी म्हणून गेला. चार वर्षं झाली, त्याचा पत्ता नव्हता. बरोबरच्या एका खलाशाने एवढंच येऊन सांगितलं होतं, की कोस्टारिकाच्या बंदरात तो उतरला, तो परत चढलाच नाही. ते नाव म्हातारीने मनात जपून ठेवलं होतं. तेच नाव व्याख्यानाच्या फळ्यावर आहे असं कळलं, तशी ती आली होती आणि बायकांत मागे बसून सगळं ऐकून गेली होती.

"मास्तर," ती म्हणाली, "सुनेचे भाऊ जुन्नरहून येत्याती. जमिलाला घेऊन जात्यात, तिचा दुसरा निका लावत्यात. काजीबी व्हय म्हनला. मीच म्हनलं, न्या पोरीला. तिचं वय काय हाय! पर तुमी तिथं जाऊन आला. आपलं मानूस दिसलं का वो तिथं कुणी? माझ्या लेकाच्या हनुवटीवर खूण हाय."

ओसरीवर तोवर चार शेजारी गोळा झाले होते. आबाजीही होते. म्हातारी यांच्या तोंडाकडे बघत होती. हे म्हणाले, "होता... होता खरा एक जण. बंदरापाशी. सायकल दुरुस्त करत बसला होता."

सायकलीचं सगळ्या आळीला ठाऊक होतं. म्हातारीने मात्र डोळ्यांना पदर लावला आणि यांच्या पायांना हात लावायला वाकली. यांनी पाय मागे घेतले. निदान तेवढी तरी लाज उरली होती.

ती गेल्यावर मी काय काय बोलले ते इथे सांगत नाही. "तिला बरं वाटावं म्हणून बोललो," म्हणाले. मी म्हटलं, "तिला नव्हे, चार माणसांत तुम्हाला बरं वाटावं म्हणून." त्यावर हे शाळेत निघून गेले. संध्याकाळी हनीफ टांगेवाला बातमी घेऊन आला. म्हातारीने जुन्नरला निरोप धाडला होता, मुलगा जिवंत आहे, येऊ नका. यांनी पायांतली चप्पल काढलीच नाही. तसेच उंबऱ्यात उभे राहिले आणि म्हणाले, "तू येतेस का बरोबर? मला एकट्याने जमणार नाही." त्याच टांग्यातून आम्ही गेलो.

जमिलाने दार उघडलं. बावीस-तेवीसची पोर. हातांत कोपरापर्यंत नव्या बांगड्या, नवरा जिवंत आहे म्हणून नुकत्याच भरलेल्या. त्या पाहून मला टांग्यात परत जाऊन बसावंसं वाटलं. हे खाटेवर बसले नाहीत, जमिनीवरच बसले. म्हणाले, "चाची, मी कोस्टारिकाला गेलेलो नाही. आबाजी चुकीचं बोलले, मी गप्प राहिलो. तुमचा मुलगा मी पाहिला नाही. खोटं बोललो."

एवढं बोलताना यांचा आवाज दोनदा फुटला. लग्नाला अठरा वर्षं झाली, मी यांना रडताना पाहिलं नव्हतं. कीव आली, आणि रागही तसाच राहिला.

म्हातारी हसली. "असं कसं, मास्तर? गेल्याबिगर इतकं सांगता येतंय व्हय? केळीचे घड, आगगाडी, समदं डोळ्यांम्होरं उभं केलं तुमी. सायकलीचं तर मी बोललेबी नव्हते. तुमीच सांगितलं."

"ते मला माहीत होतं, चाची. आळीत सगळ्यांना माहीत होतं."

"तुमी इसरला आसाल. मोठा परवास झाला. मानूस इसरतंय."

हे पुन्हा पुन्हा सांगत राहिले. जितकं सांगावं तितकी ती यांचीच समजूत काढायची. शेवटी यांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "खरं आहे, चाची. हे मुंबईच्या पुढे कधी गेलेच नाहीत." ती माझ्याकडे असं बघायला लागली, की जणू मीच तिचा मुलगा हिरावून घेतेय.

जमिला मात्र दाराशी उभी राहून सगळं ऐकत होती. तिला पटलं होतं. ती खाली बसली आणि एकेक बांगडी काढून पदरात ठेवायला लागली. नव्या होत्या, हाताला घट्ट होत्या. यांच्याकडे बघून ती इतकंच म्हणाली, "बरं केलं, आजच आलात." मग बाहेर टांगेवाल्याला हाक मारली, "हनीफभाई, भावांना उलटा निरोप द्या. म्हनावं, या."

"काढू नगं गं त्या," म्हातारी ओरडली. मग उठून आत गेली आणि फडक्यात बांधलेली एक पुरचुंडी घेऊन आली. आम्ही उठलो होतो. तिने ती यांच्या हातात ठेवली. "शेंगदान्याची चटनी हाय. त्याला लई आवडती. पुढल्या खेपंला जाल, तवा द्या."

"चाची, मी जाणार नाही. मी कधी गेलोच नाही."

"गावल की तुमास्नी. तुमीच म्हनला, तिथं घराला नंबर नसत्यात. देवळापासनं इचारत जायचं."

यांनी पुरचुंडी परत द्यायला हात पुढे केला. म्हातारीने तो दोन्ही हातांनी मिटवला.

टांग्यात यांनी पुरचुंडी मांडीवर धरली होती. चटणीचं तेल फडक्यातून यांच्या धोतरावर उतरलं होतं. घरी आल्यावर ती पुरचुंडी हातात घेऊन हे स्वयंपाकघराच्या दारात लहान मुलासारखे उभे राहिले आणि म्हणाले, "कुठे ठेवू गं ही?"